पान उलटल्याशिवाय पंप उचलायचा नाही

आम्ही मावळातल्या एका बचत गटाच्या बाया. आमच्या भागात पॉलिहाऊस पुष्कळ. कुणाचं १० गुंठ्यांचं, कुणाचं २० गुंठ्यांचं. कुठं गुलाब, कुठं जरबेरा, कुठं ढोबळी मिरची नाहीतर काकडी. आमच्यातल्या तिघींच्या घरचं पॉलिहाऊस आहे, बाकीच्या रोजानं जातो. फुलं काढायची, मिरचीचे शेंडे सुतळीला गुंडाळायचे, खालची पिवळी पानं खुडायची, तोडा आला की क्रेट भरायचे. म्हणजे मालकीण असो की मजूर, दिवसाचे सहा-सात तास प्लास्टिकखाली आम्हीच. औषध आणतो दादा, फवारतो दादा, आणि त्या पानांत हात घालतो आम्ही. म्हणून आज किडींबद्दल आम्हीच बोलायचं ठरवलं.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. पॉलिहाऊस म्हणजे कीड येणारच नाही असं पुष्कळांना वाटतं. चारी बाजूंनी जाळी, वर प्लास्टिक, मग येणार कुठून? पण ती येते. रोपांबरोबर येते, उघड्या दारातून येते, आपल्या पदराला चिकटून येते. आणि एकदा आत शिरली की तिचं माहेरपण सुरू. बाहेरच्या शेतात पावसाची सर येऊन मावा धुऊन नेते, वाऱ्यानं फुलकिडे उडून जातात, ढालकिडे येऊन खाऊन टाकतात. आत पाऊस नाही, वारा नाही, खाणारं कुणी नाही. ऊब मात्र बारा महिने. बाहेर महिनाभरात जेवढी कीड वाढेल, तेवढी आत त्याच्या आधीच वाढलेली असते.

आत त्रास देणाऱ्या किडी तशा मोजक्याच. पांढरी माशी, फुलकिडे, मावा, नागअळी आणि कोळी. कोळी हा खरं तर कीटकच नाही. कीटकाला सहा पाय, कोळ्याला आठ. ही शाळेतली गोष्ट वाटेल, पण पैशाची आहे. किडीची पुष्कळ औषधं कोळ्यावर चालतच नाहीत, त्याला कोळीनाशक वेगळं लागतं. उलट काही औषधांनी कोळ्याला खाणारे मित्रकिडे मरतात आणि कोळी आणखी वाढतो. दुकानात जाऊन 'पानं आकसलीत, काहीतरी द्या' म्हटलं, की दुकानदार अंदाजानं दोन-तीन बाटल्या पुढं ठेवतो. त्यातली एक लागू पडली तर पडली.

तेव्हा पान आकसलं म्हणजे काय झालं, ते आपल्याला सांगता आलं पाहिजे. ढोबळी मिरचीचं शेंड्याकडचं पान घ्या. त्याच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल, तर बहुतेक करून फुलकिडे. कडा खालच्या बाजूला वळून पान उलट्या होडीसारखं दिसत असेल, देठ लांबलेला असेल, तर तो कोळी. हा कोळी पिवळट-पांढरा आणि इतका बारीक असतो की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, भिंग लागतं. वर वळलं तर फुलकिडे, खाली वळलं तर कोळी. आम्ही नव्या मुलींना सुतळी गुंडाळायच्या आधी हे शिकवतो. पाणी कमी पडून किंवा अन्नद्रव्य कमी पडूनही पान वळतं, म्हणून शेंड्यावर भिंग लावून खात्री करायचीच.

लाल कोळी त्या मानानं सापडायला सोपा. गुलाबाच्या, काकडीच्या खालच्या पानांवर आधी फिक्या ठिपक्यांची रांगोळी दिसते. पान उलटलं की मागं बारीक जाळं आणि त्यात हलणारे लालसर कण. कोरड्या उन्हाळ्यात, फेब्रुवारीपासून पुढं, हा फार जोरात येतो. उष्म्यात आठ-दहा दिवसांत एक पिढी पूर्ण होते. बहुतेक वेळा सुरुवात गरम कोपऱ्यातून किंवा रस्त्याच्या धुळीच्या बाजूनं होते. तिथली चार-सहा झाडं वेळेवर हेरली तर तेवढ्यावरच काम भागतं. ओलसर हवा त्याला मानवत नाही. पण म्हणून जरबेरावर सारखं पाणी मारत बसू नका, फुलं कुजतात.

फुलकिडे बघायची आमची रीत साधी आहे. जरबेराचं फूल पांढऱ्या कागदावर उलटं धरून तीन-चार वेळा टिचकी मारायची. सुईच्या टोकाएवढे लांबट पिवळे-तपकिरी किडे पळताना दिसले की समजायचं. पाकळीवर पांढुरके ओरखडे येऊन फूल वाकडं होईपर्यंत वाट बघितली, तर तोवर ते फूल बाजारातून गेलेलंच असतं. व्यापारी असल्या फुलांची जुडी बाजूला काढतो. ढोबळी मिरचीवर तेच ओरखडे फळाच्या देठाजवळ खरचटल्यासारखे दिसतात. टोमॅटो आणि मिरचीत फुलकिडे विषाणूचा रोगही पसरवतात, आणि पांढरी माशी टोमॅटोचा पर्णगुच्छ पसरवते. विषाणूवर औषध नाही. कुणी बाटली दाखवून 'यानं व्हायरस जातो' म्हणालं, तर तुमचे पैसे जाणार, व्हायरस राहणार. झाड उपटायचं, पिशवीत घालूनच बाहेर न्यायचं आणि पुरायचं. उपटलेलं झाड बेडमधून ओढत नेलं, की त्यावरची माशी वाटेत उतरते.

आता फवारणीकडे येऊ. आमच्याकडे पुष्कळ ठिकाणी वार ठरलेला असतो. गुरुवार आला की फवारणी. कीड आहे की नाही, कुणी बघत नाही. आणि गंमत अशी, की वारावर फवारूनही कीड असतेच. का असते ते बघा. फुलकिड्याची मादी अंडं पानाच्या आत, सालीखाली घालते. तिथं औषधाचा थेंब पोचत नाही. अंड्यातून पिल्लू निघतं, खातं, आणि कोशात जायला बहुतेक करून खाली मातीत, पाचोळ्यात उतरतं. तिथंही फवारा पोचत नाही. म्हणजे एका फवारणीत मरतात ते फक्त त्या दिवशी पानावर असलेले. पाच-सात दिवसांनी अंड्यातले आणि मातीतले पुन्हा पानावर हजर. पांढऱ्या माशीचंही तसंच. अंड्यापासून माशीपर्यंत उबेत साधारण तीन आठवडे, आणि त्यातला बराच काळ ती पानाच्या मागं खवल्यासारखी चिकटून बसलेली. वरून फवारा मारला की पानाची पुढची बाजू चकाचक ओली, आणि कीड मागं कोरडीच.

म्हणून फवारायचंच झालं तर नोझल खालून वर धरायचं, पानाची पाठ भिजली पाहिजे. आणि पाच-सात दिवसांनी पुन्हा पान उलटून बघायचं. किडे असले तर दुसरी फवारणी, नसले तर नाही. बाटलीवर दोन फवारण्यांत जेवढं अंतर सांगितलंय, ते मात्र पाळायचं.

दुसरी अडचण बाटलीच्या नावाची. बाटलीवर मोठ्या अक्षरांत कंपनीनं ठेवलेलं नाव असतं, त्याखाली बारीक अक्षरांत औषधाचं खरं नाव. नावं दोन, आत औषध एकच, असं फार वेळा असतं. या आठवड्यात एक बाटली, पुढच्या आठवड्यात दुसरी, आणि दोन्हींत इमिडाक्लोप्रिड. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड ही तीन नावं वेगळी असली तरी ती एकाच घरातली भावंडं आहेत, किडीला मारायची त्यांची रीत एकच. ती आलटून पालटून मारणं म्हणजे बदल नव्हे. त्यातून वाचलेल्या किडीची पुढची पिढी त्या औषधाला दाद देत नाही. मग 'डोस वाढवा' असा सल्ला मिळतो, आणि खर्च तेवढा वाढतो. म्हणून बारीक अक्षरं वाचायची. नजर पोचत नसेल तर पोरींना वाचायला सांगा, मोबाईलवर फोटो मोठा करून बघा. आपल्या पिकासाठी आणि आपल्या किडीसाठी ते औषध मंजूर आहे का, हेही त्याच कागदावर असतं.

आमच्या गटात दोनशे पानी वही आहे. आठवड्यातून दोन दिवस, काम सुरू करायच्या आधी, दोघींनी सगळ्या पॉलिहाऊसमधून नागमोडी चालायचं. दाराजवळची, कडेची आणि मधली झाडं बघायची. प्रत्येक झाडाचं एक शेंड्याचं, एक मधलं आणि एक खालचं पान उलटायचं. काय दिसलं ते बेडच्या नंबरापुढं लिहायचं. 'बेड ४, पश्चिमेचं टोक, लाल कोळी, तीन झाडं.' एवढंच. लिहिता येत नसेल तर त्या झाडाला लाल चिंधी बांधायची. चालताना लहान, निरोगी रोपांकडून सुरुवात करायची आणि किडीच्या बेडवर सगळ्यात शेवटी जायचं, कारण कीड कपड्यांवरून पुढं जाते. कपड्यांचं निघालं म्हणून सांगतो, पॉलिहाऊसमध्ये पिवळी साडी नेसून जाऊ नका. पांढरी माशी आणि मावा पिवळ्या रंगाकडे धावतात, फुलकिडे निळ्याकडे. हळदीची पिवळी साडी नेसून कामावर आलेल्या आमच्या एका सुनबाईंच्या पाठीवर दुपारपर्यंत इतकी माशी बसली होती, की चालता-फिरता सापळाच झाला!

सापळा लावायचा तोही याच न्यायानं. माशी, मावा आणि नागअळीच्या माशीसाठी पिवळा, फुलकिड्यांसाठी निळा. विकतचे मिळतात, पण पत्र्याला नाहीतर जुन्या प्लास्टिकच्या तुकड्याला रंग देऊन, वर एरंडेल किंवा ग्रीस लावलं तरी काम होतं. आठवड्याला पुसून पुन्हा लावायचं. सापळा झाडाच्या शेंड्याच्या जरासा वर हवा, आणि झाड वाढेल तसा तो वर सरकवायचा. छताला टांगलेला सापळा नुसता शोभेचा. सापळ्यांवरचे किडे आम्ही दर सोमवारी मोजतो आणि वहीत आकडा टाकतो. आकडा चढायला लागला की फवारणीचा विचार, नाहीतर नाही.

ही वही पहिल्यांदा दाखवली तेव्हा घरच्या पुरुषांनी फार मनावर घेतलं नाही. 'बायकांनी फुलं काढावीत' असं म्हणाले. मग एका गुरुवारी आम्हीच दादांना हाताला धरून बेडवर नेलं, पानं उलटून दाखवली, कीड फक्त दोन टोकांना होती. त्या दिवशी दोन टोकांनाच फवारलं. पंपाचं पाणी, औषध, मजुरी, सगळंच कमी लागलं. हिशेब कळला की माणूस ऐकतो. आता गुरुवार गेला आणि वही आली.

जाळी आणि दाराबद्दल थोडक्यात सांगतो. बाजूची जाळी ४० मेशची असेल, म्हणजे एका इंचात ४० घरं, तर पांढरी माशी बरीच अडते. फुलकिडे त्याहून बारीक, ते अडवायला आणखी बारीक जाळी लागते, पण मग हवा खेळत नाही आणि आत भट्टी होते. तो हिशेब बांधताना करावा. बांधून झालेल्यांनी निदान फाटलेली जाळी शिवावी, ते काम आपल्याला येतं. दार दुहेरी हवं, एक बंद झाल्यावर दुसरं उघडायचं. आणि भोवतालचं गवत, गाजरगवत, दोन-तीन मीटरपर्यंत काढून टाकायचं. पीक संपल्यावर उपटलेल्या वेलींचा ढीग दाराशेजारी टाकायची सवय पुष्कळांना आहे. तो ढीग म्हणजे पुढच्या पिकाच्या किडीची रोपवाटिका.

आता घरच्या औषधाचं. ५ टक्के निंबोळी अर्क आपल्याला करता येतो. वाळलेल्या निंबोळ्यांची ५ किलो भरड आदल्या संध्याकाळी ९ लिटर पाण्यात भिजत घालायची. दुसऱ्या भांड्यात १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा भिजवायचा. दुसऱ्या दिवशी भरड फडक्यातून पिळून गाळायची, त्यात साबणाचं पाणी घालायचं आणि एकूण १०० लिटर करायचं. संध्याकाळी फवारायचं, कारण उन्हानं त्यातला गुण जातो, आणि केलेला अर्क त्याच दिवशी संपवायचा. यानं कीड लगेच पटापट पडत नाही. ती खायची थांबते, अंडी कमी घालते, पिल्लांची वाढ अडते. म्हणून अर्क कीड थोडी असतानाच चालतो. पानोपानी माशी झाल्यावर अर्क मारून 'निंबोळीत काही दम नाही' म्हणणं बरोबर नाही. फुलांवर मारायच्या आधी चार झाडांवर मारून दोन दिवस बघा, साबण जास्त झाला तर पाकळीवर डाग पडतात. आणि तेलाचं औषध मारलं असेल, मग ते निंबोळी तेल का असेना, तर दोन आठवडे गंधक मारायचं नाही, पानं भाजतात.

बुरशीची औषधंही येतात, व्हर्टिसिलियम, बिव्हेरिया अशा नावांची. ही बुरशी किडीच्या अंगावर उगवून तिला मारते. तिला दमट हवा लागते, आणि ती पॉलिहाऊसमध्ये आयतीच असते. पण संध्याकाळी मारायची, आणि त्याच्या पुढं-मागं बुरशीनाशक मारायचं नाही. बुरशीनाशकाला मित्र-शत्रू कळत नाही. पुडी घेताना तारीख बघा, उन्हात ठेवलेल्या दुकानातून घेऊ नका. आतली बुरशी जिवंत असेल तरच उपयोग.

आता ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला ते सांगतो. गेल्या वर्षी आमच्यातल्या एका ताईंना दुसऱ्याच्या पॉलिहाऊसवर रोजानं बोलावलं होतं. रात्री उशिरा फवारणी झालेली, पडदे बंद, आणि सकाळी सहाला फुलं काढायला आत. तासाभरात डोळ्यांना धारा, मळमळ, चक्कर. दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी विचारलं कोणतं औषध मारलं होतं? कुणालाच सांगता येईना. बाटली शोधून आणेपर्यंत वेळ गेला. ताई बऱ्या झाल्या, पण चार दिवसांची हजेरी बुडाली आणि दवाखान्याचा खर्च पदरचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी ऐकलं. ते तर उघडं रान होतं. इथं वर प्लास्टिक आहे, वास आणि वाफ दोन्ही आतच कोंडतं.

तेव्हापासून आम्ही एक पाटी मागतो. पॉलिहाऊसच्या दारावर, खडूनं लिहिता येईल अशी काळी पाटी. तिच्यावर चार गोष्टी: काय फवारलं, कधी फवारलं, बायांनी आत कधी जायचं, आणि तोडा कधी करायचा. औषधानं भिजलेली पानं पूर्ण वाळून, पडदे उघडून हवा खेळल्याशिवाय आत पाऊल नाही, आणि बाटलीवर जास्त वेळ सांगितला असेल तर तेवढा वेळ. एक मालक म्हणाले, 'पाटी लावली तर बाया घाबरतील, कामावर येणार नाहीत.' आम्ही सांगितलं, पाटी नसेल तर येणार नाही. पाच जणी घरी बसलो. तिसऱ्या दिवशी पाटी लागली.

तोड्याचं गणित सोपं आहे. आधी तोडायचं, मग फवारायचं. म्हणजे पुढच्या तोड्यापर्यंतचे दिवस औषध उतरायला मिळतात. किती दिवस थांबायचं ते प्रत्येक औषधाचं वेगळं असतं आणि कागदावर लिहिलेलं असतं. काकडी दिवसाआड तोडावी लागते, तिला लांब मुदतीचं औषध मारून चालतच नाही. ती काकडी बाजारात जाते तशी आपल्या पोरांच्या डब्यातही जाते.

घरातली कुणी बाई फवारत असेल, तर पदर तोंडाला बांधणं म्हणजे मास्क नव्हे. पदर औषध शोषून घेतो आणि नाकापाशीच धरून ठेवतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा आणि फवारणीचा मास्क हवा. आत फवारताना मागं-मागं चालायचं, म्हणजे ओल्या पानांतून आपण जात नाही. पोटुशी बाई आणि अंगावर पाजणारी आई यांनी फवारणीच्या कामाजवळ जाऊ नये. ते कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत. बाटलीवर तिरप्या चौकोनात खाली रंग असतो. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी, निरुपद्रवी नव्हे. आणि कुणाला त्रास झालाच, तर आधी तिला मोकळ्या हवेत आणा, कपडे बदला, अंग साबणानं धुवा, १०८ ला फोन करा आणि बाटली बरोबर न्या. उतारा कोणता द्यायचा ते डॉक्टर त्या कागदावरून बघतात.

मागच्या कार्यक्रमानंतर एका गटाच्या मैत्रिणींनी फोनवर विचारलं होतं, की आमच्याकडे पॉलिहाऊस नाही, साधं शेडनेट आहे, तिथं हे चालेल का? चालेल. शेडनेटमध्ये पाऊस आत येतो, त्यामुळं लाल कोळी पावसाळ्यात जरा कमी. पण शेडनेटच्या जाळीची घरं मोठी असतात, माशी-फुलकिडे सहज आत येतात. म्हणून कडेला बारीक जाळीचा पट्टा लावा आणि कडेच्या दोन ओळी जास्त बारकाईनं बघा.

दुसरा प्रश्न होता निंबोळ्या कधी गोळा करायच्या. पिकून पिवळ्या झालेल्या निंबोळ्या मेअखेरपासून पडायला लागतात, पावसाआधीच्या आणि मधल्या उघडिपीत त्या गोळा करायच्या. साल आणि गर चोळून धुऊन काढायचा, बी सावलीत वाळवायचं आणि गोणपाटात, हवा लागेल असं ठेवायचं. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी येते. १०० लिटर अर्काला ५ किलो, या हिशेबानं वर्षाला किती लागेल ते गटात बसून ठरवा. आमच्या गटानं शाळेच्या मागची आणि ओढ्याकाठची झाडं आपसांत वाटून घेतलीत. पुढच्या बुधवारी मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींबद्दल आणि उन्हाळ्यात बेडवर प्लास्टिक अंथरून माती तापवण्याबद्दल बोलू.